करवतीच्या टेबलाला राउटरची जोड

नाशिक जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्गावर, बाणगंगा नदीच्या परिसरात वसलेले ओझर हे गाव निफाड तालुक्यातील द्राक्षबागांकरिता जसे परिचित आहे, तसेच ते १९६४ साली येथे स्थापन झालेल्या विमानांच्या कारखान्याकरिताही सर्वत्र ठाऊक आहे. या परिसरात एक भाऊ शेतीत व दुसरा कारखान्यात अशी कुटुंबे पुष्कळ आढळतात. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस घरी परतताना बारीक मोजमापाची सवय बरोबर घेऊन येतो, आणि वाड्याच्या पडवीत किंवा मळ्यातील पत्र्याच्या खोलीत एक छोटेसे लाकूडकामाचे दालन उभे राहते. चंपाषष्ठीला खंडोबाच्या यात्रेत बारागाडे ओढणाऱ्या या गावाला लाकडाचे वावडे मुळीच नाही.

अशा घरगुती कारखान्यात बहुधा पहिले मोठे यंत्र येते ते गोल करवतीचे टेबल. त्यावर फळ्या सरळ चिरता येतात व ठरावीक मापाचे तुकडे पाडता येतात. परंतु खिडकीच्या चौकटीत काच बसविण्याची पायरी, कपाटाच्या फळीची खाच, खोक्याच्या तळाची झिरी किंवा मधमाश्यांच्या पेटीतील चौकटी टेकण्याची कड अशी कामे निघाली की नुसती करवत अपुरी पडू लागते. या कामांसाठी राउटर हे यंत्र उपयोगी पडते. राउटर हातात धरूनही चालविता येतो. तथापि तो टेबलाखाली उलटा बसविला म्हणजे यंत्र स्थिर राहते, लाकूड सरकते आणि प्रत्येक खाच सारख्या मापाची उतरते.

राउटरसाठी निराळे टेबल करावयाचे तर जागा हवी आणि खर्चही वाढतो. म्हणून करवतीच्या टेबलालाच एका बाजूस फळा जोडून त्यात राउटर बसविण्याची पद्धत सोयीची ठरते. ही जोड कशी करावी, तिच्यापासून लाभ कोणता व तीत धोका कोठे दडलेला आहे, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरण म्हणून मधमाश्यांची पेटी घेतली आहे, कारण नाशिक जिल्ह्यात कांद्याचे बी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला तिची खरी गरज आहे.

खाचेतील तीन मिलिमीटरचे महत्त्व

कांद्याच्या फुलात परागकोश आधी पक्व होतात व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे बी धरण्यासाठी पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेणारा कीटक लागतोच, आणि त्यात मधमाशी श्रेष्ठ होय. डाळिंबाच्या बागेतही तिची मदत होते. म्हणून फुलोऱ्याच्या काळात शेतात पेट्या ठेवण्याची प्रथा वाढत आहे. महाबळेश्वरजवळील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाल्यापासून या धंद्याकडे शेतकऱ्यांचे लक्ष अधिकच वेधले गेले आहे.

पेटी म्हणजे केवळ लाकडी खोके नव्हे. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने १८५१ साली असे ध्यानात घेतले की, माश्या सुमारे ६ ते ९ मिलिमीटर रुंदीची वाट मोकळी ठेवतात. जागा त्याहून अरुंद असली तर ती त्या राळेसारख्या चिकट पदार्थाने बुजवितात, व त्याहून रुंद असली तर तेथे आडवे-तिडवे पोळे बांधतात. या निरीक्षणावर आधारलेल्या पेटीचे पेटंट त्याने १८५२ साली घेतले. आज युरोपीय मधमाशीसाठी आपल्याकडेही मुख्यतः त्याच नमुन्याची पेटी वापरतात. आपल्या सातेरी माशीची पेटी आकाराने लहान असते, पण तत्त्व तेच.

या पेटीच्या दोन आखूड भिंतींच्या वरच्या आतील कडेला पायरीसारखी खाच असते. तिच्यावर चौकटीचे दोन कान टेकतात. कान १० मि.मी. जाड आणि खाच १६ मि.मी. खोल असली, म्हणजे चौकटीच्या वर ६ मि.मी. वाट शिल्लक राहते. प्रस्तुत लेखकाने आरंभी दोन पेट्या हातरंध्याने घाईने तयार केल्या. त्यांत एका भिंतीची खाच ३ मि.मी. अधिक खोल गेली होती. त्या वेळी ही चूक क्षुल्लक वाटली. परंतु पुढे मधाचा वरचा मजला उचलताच खालच्या चौकटी त्याला चिकटून वर आल्या, पिलाव्याचे पोळे फाटले आणि चिरडलेल्या माश्यांचा खच पडला. कदाचित राणीही त्यातच गेली असावी, कारण ती वसाहत नंतर सावरली नाही. तीन मिलिमीटरची किंमत त्या दिवशी कळली. पुढील पेट्यांसाठी राउटरचे टेबल करण्याचे ठरले ते यामुळेच.

अशी खाच करवतीनेही दोन कापांत पाडता येते, हे खरे. पण दुसऱ्या कापाच्या वेळी फळी कडेवर उभी धरावी लागते, पात्यावरील संरक्षक झाकण काढावे लागते, आणि सुटलेली बारीक पट्टी पाते व गाईडपट्टी यांच्यामध्ये अडकली तर बाणासारखी मागे फेकली जाते. राउटर त्या लाकडाचा सरळ भुसाच करतो. सुटणारी पट्टी राहतच नाही. म्हणून चिरण्याचे काम करवतीचे आणि खाचेचे काम राउटरचे, अशी वाटणी करणे इष्ट होय.

आधी करवत तपासून पाहावी

ज्या टेबलाला जोड द्यावयाची ते टेबल मुळात नीट असले पाहिजे. पृष्ठभागावर सरळ पट्टी उभी धरून ते सपाट आहे की नाही ते पाहावे. गाईडपट्टी पात्याला समांतर आहे काय, हे पात्याच्या पुढच्या व मागच्या दातांपाशी अंतर मोजून तपासावे. मागच्या बाजूला अंतर कमी भरले तर लाकूड पात्यावर दाबले जाते व उलटे उसळते. पात्याच्या मागे उभी असणारी पोलादी पाचर व वरचे झाकण ही दोन्ही जागेवर असलीच पाहिजेत.

काही ठिकाणी हातकरवत किंवा फरशी कापण्याचे छोटे यंत्र प्लायवूडखाली उलटे बांधून टेबल तयार करतात. फरशीच्या यंत्राला लाकडाचे दातेरी पाते लावणे अत्यंत धोक्याचे आहे. त्या यंत्राचे फेरे त्या पात्याला सोसणारे नसतात, आणि पाचर बसविण्याची सोयही त्यात नसते. अशा टेबलाला राउटरची जोड देण्याच्या फंदात कोणी पडू नये. प्रथम करवत सुधारावी व मगच पुढचे पाऊल टाकावे.

जोडफळ्याची रचना

बिडाच्या टेबलाच्या दोन्ही कडांना बहुधा बोल्टची भोके असतात. उजव्या कडेचा पंखा काढून त्या जागी आपला फळा बसवावा. फळ्याची लांबी करवतीच्या टेबलाच्या पुढून मागे जाणाऱ्या मापाइतकी व रुंदी सुमारे ४०० मि.मी. ठेवावी. १८ मि.मी. जाडीची चांगल्या प्रतीची दोन प्लायवूड डिंकाने एकमेकांवर चिकटवून ३६ मि.मी. जाडीचा फळा करावा, आणि वर व खाली अशा दोन्ही अंगांस सनमायका लावावा. केवळ वरच्या अंगास लावल्यास पावसाळ्यात खालून ओल शिरते आणि फळा वाकतो. फळ्याच्या चारी कडांना टणक लाकडाची पट्टी मारून खालच्या अंगास दोन आडव्या पट्ट्या द्याव्यात.

राउटर थेट जाड फळ्याला बसविता येत नाही, कारण मग बिट पुरेसे वर येत नाही. त्याकरिता ६ मि.मी. जाडीची ॲल्युमिनियमची किंवा ९ ते १० मि.मी. जाडीची हायलमची पाटी घ्यावी. पाटीचे माप सुमारे २३० × ३०० मि.मी. असावे. राउटरच्या तळाची प्लॅस्टिकची चकती काढून ती पाटीवर ठेवावी, स्क्रूच्या भोकांच्या खुणा उतरवून घ्याव्यात व भोके पाडावीत. स्क्रूची डोकी पाटीच्या पृष्ठाखाली बुडतील इतका खळगा भोकांना द्यावा. मधोमध बिटासाठी भोक ठेवावे. हे भोक बिटापेक्षा थोडेच मोठे असणे बरे. फार मोठे भोक ठेवल्यास लाकडाचे टोक त्यात अडखळते.

पाटी फळ्यात बसविण्यासाठी तिच्या जाडीइतका खोल खळगा करावा. आरपार कापावयाचे भोक मात्र पाटीपेक्षा चारी बाजूंनी १२ मि.मी. लहान ठेवावे, म्हणजे पाटी टेकण्यास कड मिळते. कडेच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू खालून वर बसविल्यास पाटीची पातळी जुळविता येते. पाटी फळ्याच्या पृष्ठाशी नेमकी समपातळीत यावी. बोटाच्या स्पर्शावर विसंबू नये. सरळ पट्टी धरून उजेडाकडे पाहावे.

फळ्याच्या बोल्टची भोके उभट लंबगोल ठेवावीत, म्हणजे फळा थोडा वर-खाली करता येतो. करवतीच्या टेबलाशी पातळी जुळल्यावर बोल्ट वॉशरसह आवळावेत. राउटरचे वजन फळ्याच्या बाहेरच्या बाजूस येते व टेबल कलंडण्याचा संभव असतो. म्हणून बाहेरच्या कडेखाली जमिनीपर्यंत पोहोचणारे दोन पाय अवश्य द्यावेत.

राउटरची निवड करताना कामाचा विचार करावा. पाव इंची दांड्याचे बिट घेणारा लहान राउटर हलक्या खाचांना पुरतो, परंतु त्याने एका खेपेस ३ मि.मी.पेक्षा अधिक लाकूड काढू नये. नेहमीचे काम असेल तर अर्धा इंची दांड्याचा, फेऱ्यांचे नियमन असलेला राउटर घ्यावा. बिट जितके जाड तितके फेरे कमी ठेवावेत. साधारणतः २० मि.मी. व्यासाच्या बिटास मिनिटाला १८,००० ते २०,००० फेरे योग्य. ५० मि.मी. व्यासाच्या बिटास ते १६,००० हून कमीच असावेत. दांडा कोलेटमध्ये तळापर्यंत टेकवून पुन्हा २-३ मि.मी. वर ओढावा व मगच आवळावा. मात्र त्याचा किमान तीन-चतुर्थांश भाग आत राहिला पाहिजे.

एकच गाईडपट्टी, दोन कामे

या जोडीचा मोठा लाभ असा की, करवतीची गाईडपट्टी राउटरलाही उपयोगी पडते. तिच्या उजव्या अंगाला १८ मि.मी. जाडीची व सुमारे ९० मि.मी. उंचीची सरळ लाकडी जोडपट्टी शिकंज्यांनी आवळून बसवावी. तिच्या मध्यभागी बिट आत शिरेल असे अर्धगोल कोरलेले असावे. गाईडपट्टी सरकवून बिटाचा हवा तितकाच भाग बाहेर ठेवता येतो व उरलेला भाग जोडपट्टीत झाकलेला राहतो. लोखंडी गाईडपट्टी बिटाला कोठेही लागत नाही, याची बिट हाताने फिरवून खात्री करून घ्यावी. अर्थात त्या वेळी वीजजोडणी काढलेली असली पाहिजे.

दिशा उलटी असते

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टेबल एक, गाईडपट्टी एक, परंतु दोन यंत्रांत लाकूड सरकविण्याची दिशा परस्परविरुद्ध आहे.

करवतीचे पाते वरच्या बाजूस आपल्याकडे फिरत येते. म्हणून आपण टेबलासमोर उभे राहून लाकूड पुढे, म्हणजे आपल्यापासून दूर ढकलतो. टेबलाखाली उलटा बसविलेला राउटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. आपण टेबलाच्या उजव्या टोकाशी, गाईडपट्टीकडे तोंड करून उभे राहिलो असता लाकूड आपल्या उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे सरकविले पाहिजे. असे केल्याने बिट लाकडाला विरोध करते, लाकूड गाईडपट्टीशी दाबून धरते व काप ताब्यात राहतो. हीच हालचाल करवतीच्या दृष्टीने पाहिली तर लाकूड टेबलाच्या मागून पुढे येते, म्हणजे करवतीच्या अगदी उलट!

ज्याचा हात वर्षानुवर्षे करवतीवर बसला आहे, त्याचा हात राउटरवरही आपोआप करवतीचीच दिशा धरतो. तसे झाले की बिट लाकडाला खेचून घेते, फळी हातातून निसटते आणि तिच्यामागोमाग बोटे बिटाकडे जातात. ही घटना इतक्या क्षणार्धात घडते की हात मागे घेण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून फळ्यावर रंगाने मोठा बाण काढावा व त्याच्याखाली ‘उजवीकडून डावीकडे’ असे लिहून ठेवावे. लिहिता-वाचता येणाऱ्यासही असा बाण उपयोगी पडतो, कारण तो डोळ्यांना दिसतो व हाताला आठवण देतो.

याच्या जोडीला दुसरा नियम असा की, लाकूड बिट व गाईडपट्टी यांच्यामधून कधीही नेऊ नये. बिटाची मागची बाजू नेहमी गाईडपट्टीत झाकलेली असावी व लाकूड बिटाच्या पुढच्या बाजूनेच जावे.

वीज आणि आपोआप सुरू होणारे यंत्र

खेड्यात वीज केव्हा जाईल व केव्हा येईल, याचा भरवसा नसतो. म्हणून विहिरीवरील पंपाला शेतकरी ‘ऑटो स्विच’ लावतात, आणि रात्री-अपरात्री वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. पंपाला जे सोयीचे, तेच करवतीला व राउटरला घातक आहे.

एकदा खाच पाडीत असता वीज गेली. प्रस्तुत लेखक राउटरचे बटण चालू स्थितीतच विसरून चहा घेण्यास घरात गेला. लाकूड टेबलावर तसेच राहिले होते. काही वेळाने वीज आली, राउटर आपोआप सुरू झाला व ते लाकूड पत्र्याच्या भिंतीवर जाऊन आदळले. त्या क्षणी जर हात पाटीखाली बिट बदलीत असता तर काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर उपाय पंपाच्याच पेटीत आहे. पंपाच्या साध्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते व पुन्हा हिरवे बटण दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. सिंगल फेज यंत्रांसाठीही असा स्विच मिळतो. तो टेबलाच्या पुढच्या बाजूस, मांडीनेही दाबता येईल अशा ठिकाणी, मोठ्या लाल बटणासह बसवावा. त्याला ऑटो स्विच कदापि जोडू नये.

या स्टार्टरनंतर एक चेंजओव्हर स्विच घालावा, म्हणजे वीज एकतर करवतीला मिळेल किंवा राउटरला, दोघांना एकाच वेळी कधीच नाही. करवतीच्या मोटारीसाठी १६ अँपिअरचे सॉकेट, पुरेशा जाडीची वायर, चांगली अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच असावा. हे सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. बिट किंवा पाते बदलताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. सॉकेटमधील पिन काढून ती डोळ्यांसमोर ठेवावी.

पेटीची आखूड भिंत : कृती

लँगस्ट्रॉथ नमुन्याच्या दहा चौकटींच्या पेटीसाठी १९ मि.मी. जाडीच्या फळ्या घ्याव्यात. शिवण, तूण किंवा सागवान यांचे वाळलेले लाकूड चालते. उग्र वासाचे लाकूड वर्ज्य करावे. पेटीची आतील लांबी सुमारे ४६५ मि.मी. व आतील रुंदी सुमारे ३७५ मि.मी. असते. तथापि मापे पुस्तकावरून न घेता, आपण ज्या चौकटी वापरणार त्या आधी मिळवून त्यांवरून पडताळून घेणे श्रेयस्कर. सातेरी माशीच्या पेटीसाठी तर हा नियम कटाक्षाने पाळावा.

कृती पुढीलप्रमाणे करावी.

१. करवतीवर सर्व फळ्या रुंदीस व लांबीस नेमक्या कापून घ्याव्यात. आखूड भिंती ३७५ मि.मी. व लांब भिंती ५०३ मि.मी. लांबीच्या कापाव्यात. लांब भिंती आखूड भिंतींच्या टोकांवर बसतात, त्यामुळे खाचेची दोन्ही टोके आपोआप झाकली जातात.

२. करवतीचे पाते टेबलाखाली पूर्णपणे उतरवावे व चेंजओव्हर स्विच राउटरकडे वळवावा.

३. सुमारे २० मि.मी. व्यासाचे सरळ बिट बसवावे. जोडपट्टीच्या पृष्ठापासून बिटाचे बाहेरचे टोक १६ मि.मी. अंतरावर येईल अशी गाईडपट्टी लावावी.

४. आखूड भिंतीचा आतील पृष्ठ खाली व वरची कड गाईडपट्टीशी येईल अशा रीतीने फळी आडवी ठेवावी. या स्थितीत बिटाची उंची म्हणजे खाचेची रुंदी होय. ती शेवटी १० मि.मी. झाली पाहिजे.

५. पहिल्या खेपेस बिट ४ मि.मी., दुसऱ्या खेपेस ७ मि.मी. व तिसऱ्या खेपेस १० मि.मी. वर घ्यावे. लहान राउटरवर पहिल्या खेपेस ३ मि.मी. ठेवून चार खेपा कराव्यात. एका उंचीवर सर्व पेट्यांच्या भिंती काढून मगच उंची बदलावी, म्हणजे सर्वांचे माप सारखे येते.

६. खऱ्या फळीआधी त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर प्रयोग करावा. खाच व्हर्निअरने मोजावी व तीत चौकटीचा कान प्रत्यक्ष ठेवून पाहावा. कानाच्या वर ६ मि.मी. मोकळी जागा राहिली तर माप बरोबर आहे असे समजावे.

७. चौकटीच्या वरच्या पट्टीत मेणपत्रा बसविण्याची बारीक झिरी असते. ती राउटरने न करता करवतीच्या पात्यानेच, पट्टी चौकोनी कापण्याआधी, रुंद फळीच्या कडेवर ठोकळ्याच्या आधाराने काढावी. ज्याचे काम त्याने करावे, हा नियम येथेही लागू पडतो.

काळजीचे नियम

लाकडात खिळा, वाळू किंवा सुटी गाठ नाही हे प्रथम पाहावे. जुन्या खोक्यांचे लाकूड वापरताना ही दक्षता अधिक घ्यावी. लाकूड हाताने न ढकलता ढकलकाठीने किंवा मूठ लावलेल्या ठोकळ्याने ढकलावे. टेबलावर फणीसारख्या दातांची लाकडी पट्टी आवळून ठेवल्यास ती फळीला गाईडपट्टीशी दाबून धरते व मागे सरकू देत नाही. ३०० मि.मी.पेक्षा आखूड तुकड्यावर खाच पाडू नये. लांब फळीवर खाच पाडून नंतर तुकडे करावेत.

हातमोजे, उपरणे, सैल बाह्या, पदर, बांगड्या व अंगठी ही फिरत्या बिटापाशी असू नयेत. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे व नाकातोंडावर पट्टी असावी. सागवानाचा बारीक भुसा अनेकांच्या छातीला व त्वचेला बाधतो. भुसा रोज झाडून काढावा व त्या खोलीत विडी ओढू नये. बोथट बिटाने लाकूड जळते व जोर अधिक लावावा लागतो, आणि जोर लावतानाच हात घसरतो. म्हणून जळक्या वासाकडे दुर्लक्ष करू नये. करवतीवर काम करताना पात्याच्या रेषेत न उभे राहता थोडे बाजूला उभे राहावे.

जो एकटाच काम करतो, ज्याला दिवसभराच्या फवारणीने किंवा छाटणीने थकवा आला आहे, किंवा ज्याला रात्री अंधुक उजेडात काम उरकावयाचे आहे, त्याने त्या वेळी यंत्राला हात लावू नये. पेटी उद्याही करता येते.

सहकाराने केलेले काम

वर्षाकाठी चार-दोन पेट्या करणाऱ्या शेतकऱ्याने एवढे साहित्य एकट्याने घेणे परवडणारे नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अशाने गावच्या सुताराकडून काम करून घ्यावे किंवा चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक टेबल उभे करावे. वाघाड प्रकल्पाच्या कालव्यावर १९९० च्या दशकात पाणीवापर संस्था स्थापून पाण्याची वाटणी आपल्या हाती घेणाऱ्या ओझरच्या शेतकऱ्यांना सामाईक व्यवस्थेची सवय आहे. पाण्याची पाळी जशी वहीत नोंदवितात, तशीच टेबलाचीही पाळी नोंदवावी, आणि टेबल कोणी चालवावे व कोणी चालवू नये हेही त्याच वहीत लिहून ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात असे टेबल असल्यास एकदा जाऊन पाहावे. चार प्रश्न विचारले तरी पुरे : पात्यामागची पाचर जागेवर आहे काय? दिशेचा बाण काढला आहे काय? वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते काय? आणि बिट बदलताना पिन काढली जाते काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर असमाधानकारक असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत काम थांबविण्याचा सल्ला द्यावा. राग आला तरी चालेल.

नेमकी खाच पडली की चौकट हळुवार बसते, माश्या आपली वाट मोकळी ठेवतात आणि कांद्याच्या फुलोऱ्यावर सकाळच्या उन्हात त्यांची ये-जा सुरू होते. त्या वेळी पेटीचे झाकण उघडणाऱ्याच्या हाताला दहाही बोटे शाबूत असावीत, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.